रामाकोन्याची धक्का मारणारी मंडळी

माझा पुतण्या नागपूरला एका कंपनीत साहेब आहे. टीम कशी बांधायची, हे शिकायला कंपनी त्याला शिबिराला पाठवते, आणि तो येऊन ते मला शिकवतो. माझं डोकंच फिरतं. अरे बाप्पा, मी ऐंशीच्या दशकात रामाकोन्याच्या बसवर कंडक्टर होतो!

खासगी बस. मालक पांढुर्ण्याला राहायचे. बस रात्री रामाकोन्याला मुक्कामी असायची आणि सकाळी सौंसरवरून पांढुर्ण्याला जायची. म्हणजे जायला पाहिजे होती. बॅटरी अशी मेलेली, की हिवाळ्यात चावी फिरवली तर बस नुसती खोकायची.

मग सवारीनं उतरून धक्का मारायचा. सुरुवातीला सगळा गोंधळ. अर्धे लोक खिडकीची जागा जाईल म्हणून उतरायचेच नाहीत, आणि उतरलेल्यांतले अर्धे नुसता हात टेकवून कण्हायचे. ओरडून ओरडून माझा घसा बसला. शेवटी मी नियम केला. सीटवर दुपट्टा टाकून उतरायचं, आणि कोणाच्या दुपट्ट्याला कोणी हात लावायचा नाही. बसच्या मागंही ज्याची त्याची जागा ठरवून दिली. डाव्या दिव्यापाशी गुरुजी, उजव्या दिव्यापाशी तहसीलीतले बाबू, मधल्या शिडीला जिनिंगवर जाणारे मजूर.

जागा ठरली आणि माणसंच बदलली. गुरुजींना ताप आला, तर त्यांनी आपल्या साळ्याला बदलीवर पाठवलं. बाबू सुट्टीच्या दिवशीही यायचे, धक्का मारायचे आणि घरी जायचे. ड्रायव्हरलाही मी शिस्त लावली, की बस एकदा चालू झाली की मी कितीही शिट्ट्या मारल्या तरी इंजिन तापेपर्यंत, म्हणजे पुलापर्यंत, थांबायचं नाही. मंडळी पळत येऊन पुलावर गाडीत चढणार. पण खरा हुकूम संत्रेवाल्या काकूंचा. त्या स्वतः ढकलत नसत. टोपली कडेला ठेवून, कमरेवर हात देऊन उभ्या राहायच्या आणि "लावा" म्हणायच्या. त्यांच्याआधी मी म्हटलं तर कोणाला ऐकूच यायचं नाही. राग यायचा, पण बस निघायची, म्हणून गिळायचो.

एका हिवाळ्यात निरोप आला. मालक उद्या स्वतः येऊन राहिले, सकाळच्या फेरीला सवारी किती ते पाहणार, कमी दिसली तर फेरी बंद. फेरी बंद म्हणजे माझी नोकरी गेली, आणि गुरुजी, बाबू, काकू यांनाही दुसरी गाडी नव्हती. मी घरोघरी सांगून आलो, की उद्या झाडून सगळे या, इज्जतीचा सवाल आहे.

सगळे आले, एरवी न येणारेही आले. मालक यायच्या आत सीटवर दुपट्टे टाकून मंडळी मागं आपापल्या जागी उभी. मालक पांढऱ्याशुभ्र धोतरात आले ते सरळ पुढं ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. स्वतः बसायचं म्हणून त्यांनी आदल्या संध्याकाळी, मी घरोघरी फिरत असताना, बसला नवी बॅटरी बसवून घेतली होती, हे फक्त ड्रायव्हरला माहीत. ड्रायव्हर विचारल्याशिवाय बोलत नसे, आणि मी विचारलं नव्हतं.

काकू "लावा" म्हणाल्या, तिकडं चावी फिरली, आणि कोणाचा हात टेकायच्या आत बस भर्रकन निघाली. मंडळी हवा ढकलून एकावर एक पडली. गुरुजी सगळ्यांच्या खाली. मी दारात लटकून शिट्ट्यांवर शिट्ट्या मारून राहिलो, आणि ड्रायव्हर माझ्याच शिस्तीपायी थांबायला तयार नाही.

मालकांनी मागं वळून पाहिलं. सीटवर दुपट्टे, डबे, पिशव्या. माणूस एक नाही. सवारी कोठी हाये, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, येऊन राहिली. ते म्हणाले, उद्यापासून ही फेरी बंद.

पुलावर बस थांबली. थोड्या वेळानं धुळीतून मंडळी पळत आली. गुरुजींच्या चष्म्याची एक काच गेलेली, काकूंच्या डोक्यावर टोपली. गुरुजींनी मालकांकडं पाहिलंच नाही, ते ड्रायव्हरवरच तापले, की आमच्याशिवाय बस चालू झालीच कशी. त्यांच्या भांडणातून मालकांना सगळं कळलं. लोक पूर्ण तिकीट काढून त्यांची बस ढकलत होते. एवढं होतं तर पांढुर्ण्याला येऊन कोणी तक्रार काहून नाही केली, असं त्यांनी काकूंना विचारलं.

काकूंनी टोपली खाली ठेवली. "तक्रार केली असती तं तुमी बसच बंद केली असती," त्या म्हणाल्या. "म्हणून ढकलली."

मालकांनी ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगितलं. मी म्हटलं, संपलं. पण ते खाली उतरले, धोतर वर खोचलं आणि मागं जाऊन विचारलं, आपण कुठं हात लावायचा. गुरुजींनी जराही विचार न करता त्यांना सायलेन्सरपाशी उभं केलं. नवीन माणसाला तिथंच उभं करायची पद्धत होती.

सौंसर येईपर्यंत मालक धुरानं काळ्या झालेल्या तोंडानं माझ्या शेजारी बसून धापा टाकत होते.

"फेरी नाही बंद करत," ते म्हणाले. "पण तू तं मले सांगाचं होतं न बे."

मला रडूच आलं. सांगायला गेलो असतो तर त्यांनी मला दारातही उभं केलं नसतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी मान हलवून हाव म्हटलं आणि तिकिटं फाडायला उठलो.