बदलीवाले नाना

सिल्वासाजवळ मसाटला आमच्या धाग्याच्या कारखान्यात कोण माणूस पाळीत किती वेळा लघवीला जातो, हे नानांना तोंडपाठ होतं. त्यांचं कामच तसं. मशीन सोडून जायचं तर तिथं दुसरं कुणीतरी उभं राहावं लागतं. ते उभे राहणारे नाना. जळगावकडचे, साठीला टेकलेले. मी सातवीतून शाळा सोडलेला, साक्रीकडचा, आता पन्नाशीतला. इथं मला ‘भाऊ’ म्हणणारे तेवढेच.

बोलण्यात आडपडदा नव्हता. स्वतःच्या प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन ते कॅन्टीनमध्ये डाळभात कालवत सांगायचे. पोरं ओरडायची, “नाना, जेवू तर द्या!”

“जेवा की. मी नुसतं सांगतोय, वाढत नाहीये.”

एकदा मी बदलीसाठी हात वर केला तर जवळ येऊन म्हणाले, “चौथ्यांदा, भाऊ. आधी दोनदाच जायचास.”

मी चिडलो. “उभं राहायचा कंटाळा आला असेल तर साहेबांना सांगा.”

ते माझ्या मशीनवर उभे राहिले. पण सुट्टीच्या दिवशी खोलीवर आले, “चप्पल घाल,” म्हणाले आणि सिल्वासाला दवाखान्यात घेऊन गेले. आधी रक्त तपासलं, मग आतला तुकडा काढून तपासला. रिपोर्टच्या दिवशी बाहेर आलो तर नानांनी विचारलं, “काय म्हणाले डॉक्टर?” मला एक शब्द आठवेना. मग तेच आत जाऊन विचारून आले. मलाही त्यांच्यासारखाच प्रोस्टेटचा कॅन्सर आहे, पण लवकर सापडलाय; गाठ काढली की बरं होण्यासारखं आहे.

गावी बायकोला मी फोनवर ‘छोटं ऑपरेशन’ एवढंच सांगितलं. पुढचं नानांनी मला समजावलं. ऑपरेशननंतर काही महिने लघवी थांबत नाही. नवरा-बायकोचंही पहिल्यासारखं राहीलच असं नाही. “तिलेही सांग,” म्हणाले. मला भीती वाटायला हवी होती. काहीच वाटलं नाही.

गेल्या महिन्यात नाना निवृत्त झाले. गळ्यात हार तसाच, निघताना त्यांनी एक पुडकं माझ्या हातात दिलं. मोठ्या माणसांचे डायपर. “माझे उरलेले. तुले लागतील.” मी नुसतं घेतलं. तुमच्यामुळे वाचलो, हे म्हणायचं राहूनच गेलं.

ऑपरेशन सोमवारी आहे. काल बायको आली. दवाखान्याची पिशवी भरताना ते पुडकं तिच्या हाती लागलं.

“हे कोणाचं हो?”

“माझं,” म्हणालो, आणि सगळं सांगितलं. कॅन्सर हा शब्दसुद्धा.

मग तिनं पुडकं उघडून आत पाहिलं.

“एवढे पुरतील का?”