अक्काचा ब्रश

साधा पंखा घ्यायचा तरी मी तीन दुकानं पालथी घालतो. शेंद्र्याच्या कारखान्यात मालाची तपासणी करण्यात पंचवीस वर्षं गेली, त्यामुळं कुठलीही वस्तू हातात आली की आधी तिचा दोष दिसतो. माणसांच्या बाबतीतही माझं तसंच होतं. माझी मोठी बहीण कडूबाई, जिला मी अक्का म्हणतो, तिच्यात मला पन्नास वर्षं काही दोष दिसला नव्हता. गेल्या हिवाळ्यात दिसला. तिचे दात.

अक्काचे दात काळे होते. करमाडला, आमच्या गावी, तिच्या वयाच्या कितीतरी बायकांचे तसेच असतात आणि तिथं कुणाला त्याचं काही वाटत नाही. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, वाटून डबीत भरायची, आणि सकाळी उठल्या उठल्या ओट्यावर बसून बोटानं दातांना चोळायची. हीच मिसरी. ती लावल्याशिवाय अक्काचा दिवस सुरू होत नसे. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि अक्का तेरा. मिसरीनं भूक मरते, हे तिला खुरपायला येणाऱ्या बायकांनी सांगितलं आणि त्याच वर्षी तिनं सुरुवात केली. तिच्या वाटची भाकरी मला मिळावी म्हणून. हे मला आता कळलेलं नाही, तेव्हापासून ठाऊक आहे. म्हणूनच पुढचं लिहिताना लाज वाटते.

लग्नही तिनं गावातल्या गावात केलं, कारभारी दाजींशी, मला सोडून लांब जायला नको म्हणून. माझ्या मुलीच्या, प्रेरणाच्या, बारशाला कानात नाव सांगितलं तेही तिनंच. प्रेरणाचा साखरपुडा ठरला तशी अक्का महिनाभर आधीच शहरात, उस्मानपुऱ्यातल्या आमच्या फ्लॅटवर राहायला आली. तिचं मागणं एकच होतं. "पोरीला मी ओवाळणार. आत्याचा मान हाये त्यो."

मान तिचाच होता, त्यात दुमत नव्हतं. पण माझ्या डोळ्यांपुढं फोटोग्राफर आला. अक्काला हसू आवरत नाही. ओवाळताना ती तोंडभर हसणार, आणि ते दात फोटोत येणार, तेही मुलाच्या आईशेजारी. मुलाच्या आई सरिताताई कॉलेजात शिकवतात. मुलगी पाहायला ती मंडळी आली तेव्हा अक्का गावी होती, आणि खरं सांगतो, मला ते बरंच वाटलं होतं.

"मिसरी सोड" म्हणायची माझी छाती नव्हती. म्हणून मी विजेवरचा टूथब्रश आणायचं ठरवलं, जणू सगळा दोष तिच्या बोटाचाच होता. पहिला आणला तो सेलवर चालणारा, साधा. बटण कुठलं, किती वेळ फिरवायचा, सगळं मी तिला समजावलं. त्यावर लावायचं काय, हे सांगायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरातून आवाज आला म्हणून आम्ही धावलो. अक्कानं ब्रशवर मिसरी घेतली होती आणि तोंडातून काढायच्या आधी बटण बंद केलं नव्हतं. माझ्या बायकोनं, मेघानं, हौसेनं बसवून घेतलेल्या पांढऱ्या फरशीवर, आरशावर, पार छतापर्यंत काळे ठिपके उडाले होते. मध्ये अक्का उभी, नाकावर काळा ठिपका, हसून हसून बेजार.

"आरं, लई झ्याक लागती ह्याच्यानं," ती म्हणाली. "पर थुकतंय लई."

मेघा हसली, प्रेरणा तर खालीच बसली हसत. मी एकटा चिडलो. "अक्का, हे गाव नाही," असं म्हणालो, आणि ज्या आवाजात म्हणालो तो आवाज मी कारखान्यात खराब माल परत पाठवताना वापरतो. तिनं मुकाट्यानं फरशी पुसली. त्या दिवसापासून ती तोंडावर पदर धरून बोलायला लागली. मिसरीची डबीही त्याच दिवशी बंद झाली. डोकं दुखायचं, पोट साफ व्हायचं नाही, चार दिवस ती नुसती कूस बदलत पडून होती. पण मिसरीला तिनं हात लावला नाही.

दातांच्या डॉक्टरांना मी मोबाइलवर तिचा फोटो दाखवला. "ओळखीतल्या एक बाई आहेत," असं सांगितलं. ते म्हणाले, डाग ब्रशनं पूर्ण जाणार नाहीत, पण चांगला ब्रश घ्यायचा तर दोन प्रकार आहेत. एक गोल डोक्याचा, गरगर फिरणारा. दुसरा लांब डोक्याचा, नुसता थरथरणारा, त्याला सॉनिक म्हणतात. हिरड्या नाजूक असतील तर दुसरा बघा, आणि जास्त दाबला की लाल दिवा लागणारा असेल तर उत्तम. मी घरी येऊन दोन्हींच्या गुणदोषांचा तक्ता केला. अक्काची बोटं सांध्यांत आखडली आहेत, मूठ कुठल्या ब्रशवर नीट बसते हे पाहायला हवं होतं. म्हणून तिला स्कूटरवर बसवून दुकानात नेलं.

काउंटरवरच्या बाईंनी दोन्ही ब्रश चालू करून तिच्या हातात दिले. गोल ब्रश फिरताना पाहून अक्का म्हणाली, "ह्यो गिरमिट हाये. दाताला भोकं पाडील." दुसरा तिनं कानाशी नेला. "ह्यो भुंग्यावानी हाये. ह्यो चालंल." तो तिच्या मुठीतही छान बसला. बऱ्याच दिवसांनी ती पदर विसरून हसली, आणि नेमक्या तेवढ्यात शेजारी सरिताताई येऊन उभ्या राहिल्या. त्या मिक्सर बघायला आल्या होत्या.

नमस्कार झाले. सरिताताईंनी अक्काकडं पाहून आपुलकीनं विचारलं, "या कोण?"

अक्का स्टुलावरून उठली होती. फोटोत पाहिलेल्या विहीणबाईंना भेटायचं म्हणून तिनं एका हातानं केस सारखे केले.

मी म्हणालो, "आमच्याकडं कामाला असतात."

"आणि त्यांच्यासाठी असला ब्रश? शिवराजराव, मन मोठं आहे हो तुमचं," सरिताताई म्हणाल्या. ती शाबासकी मी घेतली. नुसती घेतली नाही, मान हलवून हसलोही. मग त्यांनी अक्काला विचारलं, "किती वर्षं झाली बाई, यांच्याकडं?"

अक्कानं माझ्याकडं एकदा पाहिलं. तिला राग आला असता तर मला सोसलं असतं. लहानपणी मी पडलो की लागलं का हे बघायला ती जशी बघायची, तसं तिनं पाहिलं. मग पदर तोंडावर ओढला.

"लई वर्षं झाली बाईसाहेब. सायब ल्हान व्हते तवापासून."

आम्ही सॉनिक घेतला. घरी येताना स्कूटरवर माझ्या मागं ती खोकं मांडीवर धरून बसली होती. काहीतरी बोलावं म्हणून मी घसा साफ केला, तर तीच म्हणाली, "लाल दिवा लागला की दाबायचं नाय, असंच ना?" मी हो म्हणालो.

पुढं रोज दोन वेळा, डॉक्टरांनी सांगितली तेवढी दोन-दोन मिनिटं, ती ब्रश करत राहिली. काळे दात तपकिरी झाले. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी तिनं पिशवी भरली. "दाजींची कंबर धरलीय, जाते मी," म्हणाली. प्रेरणा रडली, रुसली, दार अडवून उभी राहिली. मी तिची पिशवी उचलली. सकाळीच दाजींचा मला फोन आला होता, साखरपुड्याला फेटा बांधायचा की टोपी चालेल, हे विचारायला. त्यांच्या कमरेला काही झालेलं नव्हतं.

साखरपुडा थाटात झाला. प्रेरणाला तिच्या मावशीनं ओवाळलं. फोटो चांगले आलेत. जेवताना सरिताताईंनी विचारलं, "तुमच्या त्या बाई दिसत नाहीत?"

"गावाकडं गेल्यात," मी म्हणालो. "सुट्टीवर."

"लग्नाला मात्र बोलवा हं. मदतीला होतील."

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्काचा फोन आला. पोरगी कशी दिसत होती, साडी कुठली नेसली, अंगठी बोटात नीट बसली का, सगळं विचारून झालं. मग म्हणाली, "त्या बाईसाहेबांनी इचारलं का माझं?"

"विचारलं."

"मग तू काय बोलला?"

"गावाकडं गेल्यात म्हणालो."

"बरं झालं. मी तिथं असते तर पोरीनं सवयीनं आत्या म्हणून हाक मारली असती, अन् चारचौघांत तू खोटा पडला असता."

लग्न मे महिन्यात आहे. मेघाला, प्रेरणाला, सरिताताईंना, मी अजून कुणालाच काही सांगितलेलं नाही.