चाई नव्हती ती

समोर पेशंट बसला की डॉक्टर आधी स्वतःचं टक्कल दाखवायचे. "लाजू नका. मी तर कवाचाच मोकळा झालोय. आता खाली बघा." मग खुर्चीच्या मागे जाऊन त्या माणसाचं डोकं खिडकीच्या उजेडाकडे वळवायचे आणि डोळ्याला भिंग लावायचे. औषधाचं बोलणं त्यानंतर बऱ्याच वेळानं.

लातुरात त्यांचा दवाखाना माझ्या सलूनच्या बरोबर वर होता. मी केस कापणारा, ते वाचवणारे. केसांच्या डॉक्टरांचं टक्कल बघून हसणारे पुष्कळ होते, त्यांत मीही होतो. तुम्हीही हसला असता. दर रविवारी सकाळी ते कानामागची उरलेली झालर कापून घ्यायला खाली येत. मी कात्री फिरवत असलो की विचारत, "कारागीर, घावला का एखादा केस, का अजून हुडकून राहिलास?"

ते मूळचे बिलोलीकडचे. इतकी वर्षं लातुरात काढूनही बोली सोडली नव्हती. त्यांच्याकडे कोंड्याची आणि गळतीची गर्दी असायची, पण त्यांचा जीव गुंतायचा तो क्वचित येणाऱ्या डोक्यांत. काही आजारांत केसांची मुळंच आतल्या आत जळून जातात. असा पेशंट आला की डॉक्टर त्या दिवशी जेवायला उशिरा जात. खाली माझ्याकडे येऊन बाकावर नुसते बसून राहत. असे आजार असतात हे मला तोवर माहीतच नव्हतं. माझ्याकडे सगळ्याला एकच नाव होतं: चाई.

डोक्यावर रुपयाएवढा चट्टा दिसला की चाई. खरखरीत कापडानं लाल होईस्तोवर घासायचं, वर लसूण चोळायचा, फारच हट्टी असली तर बिब्ब्याचं तेल टेकवायचं. वडिलांनी मला हेच शिकवलं होतं आणि गुण यायचा. चाई बऱ्याच जणांची आपली आपण भरून येते, हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत सगळं पुण्य माझ्या लसणाला जात होतं.

मग माझ्या बायकोच्या भांगात चट्टा पडला. तिचं माहेर शिरूर अनंतपाळचं. केस असे की लग्नात तिच्या मैत्रिणी मला म्हणाल्या होत्या, "दाजी, एवढ्या केसांना तुमची कात्री पुरायची न्हाई." मी चट्टा बघितला आणि म्हणालो, चाई आहे, महिन्यात भरेल. रोज संध्याकाळी मी स्वतः चोळत होतो. ती म्हणायची, "लई आग होतीय हो." मी म्हणायचो, आग होते म्हणजे गुण येतोय.

वर डॉक्टर बसलेले. जिन्याच्या सतरा पायऱ्या. पण माझ्याच घरचं डोकं दुसऱ्याकडे न्यायचं मला जड जात होतं. ह्याला गर्व म्हणतात, दुसरा शब्द नाही. चट्टा वाढत गेला, शेजारी दुसरा उठला, तरी मी लसूण सोलत होतो, वर बिब्ब्याचं तेल टेकवत होतो.

एका दुपारी वरून हाक आली. "कारागीर, वर ये. कात्री ठिवून ये."

वर गेलो तर खुर्चीत माझी बायको. एकटीच जिना चढून गेली होती. डॉक्टरांनी माझ्या हातात भिंग दिलं. "चट्ट्यात बघ. केस निघतो त्याची बारीक भोकं दिसतेत का?"

मी बघितलं. कातडी गुळगुळीत होती, काचेसारखी. कडेच्या केसांच्या बुडाशी मात्र लाली होती.

"न्हाईत," मी म्हणालो.

"चाईत ती भोकं उघडी ऱ्हातेत. बी झोपलेलं असतं, उगवून येतं. इथं बी जळालंय. किती दिवस चोळलंस?"

"चार महिने."

त्यांनी भिंग माझ्या हातातून काढून घेतलं. "तुझ्या चोळण्यानं आजार आला न्हाई, हे दोघंबी ऐका. पण चार महिने गेले, आन बिब्ब्यानं भाजलं ते येगळं. गेलेले केस आता येणार न्हाईत, ताई. मी खोटं सांगणार न्हाई. हायेत ते राखायची मी शिकस्त करतो."

त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

कातडीचा बारीक तुकडा काढून नांदेडला तपासायला पाठवायचा होता. त्यासाठी कडेचे थोडे केस कापायला हवे होते. मी सवयीनं पुढं झालो. "ह्यांचा हात नको," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, रडलीही नाही. डॉक्टरांनी स्वतः केस कापले, वेडेवाकडे. मी भिंतीला टेकून बघत होतो.

त्यानंतर गोळ्या सुरू झाल्या, दर महिन्याला चट्ट्याच्या कडेनं इंजेक्शनं. डॉक्टर छोट्या पट्टीनं चट्टा मोजत आणि कागदावर त्याचा आकार काढून ठेवत. कड सरकली की त्यांचा चेहरा उतरायचा, आणि मला वाटायचं, हा माणूस आमच्यापेक्षा जास्त घाबरतोय. घरी ती माझ्याकडे पाठ करून विंचरायची. दुपारी दार लावून न्हायची. बोलणंचालणं सगळं नीट होतं, स्वयंपाक, पाहुणे, सणवार, सगळं. गावभरच्या डोक्यांवर माझा हात फिरत होता, त्या एका डोक्यावर नाही.

डॉक्टर दर रविवारी खाली येतच राहिले. आता मात्र भिंग घेऊन यायचे आणि गिऱ्हाइकाची परवानगी घेऊन मला शिकवायचे. "आधी डोळा लाव, हात मागून. भोकं हायेत का बघ, जळजळतं का इचार. गुळगुळीत दिसलं की वर पाठव. आन चाई म्हणू नको. तू चाई म्हणलास की माणूस चार महिने निवांत बसतंय."

निलंग्याच्या डेपोतला एक कंडक्टर दाढीला आला होता. टोपी काढली तर तसाच चट्टा. मी वस्तरा खाली ठेवला आणि त्याला हाताला धरून जिना चढवला. त्याचे बरेचसे केस वाचले. "बघा, कारागिरानं धरून आणलं," असं डॉक्टर सगळ्यांना सांगत सुटले. मला आनंद झाला, आणि मनात लगेच आलं की हे घरी जमलं नाही.

दीड वर्षानं कड थांबली. चट्टा तळहाताएवढा राहिला, पण थांबला. त्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी तीनतीनदा लावून बघितली. मग त्यांचीच तब्येत बिघडली. अंगात शर्ट सैल झाला, इंजेक्शन देताना हात कापायला लागला, तेव्हा त्यांनी नवे पेशंट घेणं बंद केलं. शेवटच्या तपासणीला त्यांनी मलाच बघायला लावलं, स्वतः नुसते शेजारी उभे राहिले. मी सांगितलेलं माप त्यांनी लिहून घेतलं आणि बायकोला म्हणाले, "ताई, ह्याचा डोळा आता तयार झालाय. पुढचं मी नांदेडच्या डॉक्टरांना लिहून दिलंय, पण मधल्या महिन्यांत ह्यानं बघितलं तरी चालंल. बघू द्यायचं का न्हाई, ते तुम्ही ठरवा."

ती उठली. पदर डोक्यावर ओढून जिना उतरली.

लेकीकडे नांदेडला जाताना त्यांनी भिंग माझ्याकडे दिलं. दोन महिन्यांत बातमी आली. मी सकाळच्या एसटीनं गेलो, लांबूनच पाया पडलो आणि परत आलो. त्यांच्या घरच्यांना मी कोण हे सांगायचं मला सुचलं नाही. वर आता ट्यूशनची पाटी लागली आहे. जिन्यावर दिवसभर मुलांची धावपळ असते.

ते गेल्यानंतरच्या महिन्यातली गोष्ट. दुकानाला सुट्टी होती. मी शटर अर्धं ओढून कात्र्या पुसत बसलो होतो. बायको वाकून आत आली आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली. इतक्या वर्षांत त्या खुर्चीत ती कधी बसली नव्हती. तिनं पदर खाली घेतला आणि केस मोकळे केले.

"बघा," ती म्हणाली.

मी शटर वर केलं, खुर्ची उजेडाकडे फिरवली आणि सावकाश सगळ्या कडेनं बघत गेलो. लाली नव्हती. पट्टीही लावली.

"तेवढंच हाय. सरकलं न्हाई."

"खरं सांगा."

"खरंच सांगतोय."

तिनं आरशातून माझ्याकडे बघितलं. मग समोरच्या फळीवरची फणी उचलली आणि मागं न वळता खांद्यावरून माझ्याकडे धरली.

"हळू विंचरा," ती म्हणाली. "दुखतंय अजून."