विंचवाची नांगी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. तुम्हाला का सांगतेय? तुमची-माझी ओळख नाही, म्हणूनही असेल.

बारामतीत मी विज्ञान शिकवते. पावसाळा सोडला तर मुलांना घेऊन सुप्याच्या माळावर जाते, दुर्बीण लावते. तिथं अजून अंधार शिल्लक आहे. मुलं हमखास विचारतात — बाई, तुम्हाला हा नाद कुठं लागला? मी सांगते, इंदापूरकडं, आमच्या रानात, रात्री उसाला दारं धरताना. ते खरंच आहे. म्हणजे — अर्धं.

तेव्हा मोटारीला लाईट रात्रीचीच यायची. आबा, आमचे वडील, विहिरीवर मोटारीपाशी. आणि थोरली आक्का नि मी पाण्यावर. एक सरी भरली की दारं मोडून पाणी दुसरीत सोडायचं. एकीनं जागायचं, एकीनं बांधावर गोधडीत पडायचं. आकाश मला दाखवलं ते आक्कानं. ही बाज, म्हणजे सप्तर्षींचा चौकोन, हे बाजेमागचे तीन चोर, ते तिकांडं, मृगातल्या ओळीतल्या तीन चांदण्या. तिला कुणी शिकवलं होतं? विचारायचं राहूनच गेलं. दिवसभर शेणपाण्यानं वैतागलेली आक्का रानात आली की वेगळीच व्हायची, हळू बोलायची. तेवढाच वेळ तिचा स्वतःचा होता.

विंचू, म्हणजे वृश्चिक रास, मात्र आम्ही कधी पुरा पाहिला नव्हता. तोंड उगवायचं, अंग उगवायचं, आणि नांगी यायच्या आत लाईट जायची नि आबा घरी न्यायचे. त्या रात्री आक्का म्हणाली, "नांगी वर आली की मला उठीव गं." आणि झोपली. पाळी माझी होती.

मी बघत बसले — काय सांगू? उसावरून गार वारं येत होतं, पाण्याचा झुळझुळ आवाज, आणि पूर्वेला एकेक ठिपका सावकाश वर सरकत होता. मला वाटलं, आता येईल, आता येईल. पाणी बांध फोडून कधी गेलं, मला कळलंच नाही. शेजारच्या तात्यांनी कांदा काढून रानातच पसरला होता. तो सगळा भिजला.

तात्या ओरडत आले, पाठोपाठ आबा.

"दाऱ्यावर कोण हुतं?"

आणि मी — मी म्हणाले, "आक्का. तिला झोप लागली."

ती गोधडीतून उठतच होती. मग आणखी कुठला पुरावा हवा होता? आबांनी तिला मारलं. तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं. मग वाकून गोधडी गोळा केली.

मारावर निभावलं असतं हो. पण आबा म्हणाले, "उद्यापास्नं हिनं रानात यायचं न्हाय. धाकटीच बरी." झालं! पुढच्या साऱ्या रात्री माझ्या झाल्या. मी आकाश पाठ केलं, त्यावर शिकले, नावाजले गेले. आक्का चुलीपाशी राहिली, मग लग्न होऊन लोणी देवकरला गेली. मला तेव्हा वाईट वाटलं का? खरं सांगू — आनंद झाला होता. सगळं आकाश एकटीला मिळालं म्हणून.

गेल्या उन्हाळ्यात ती माझ्याकडं राहायला आली, तेव्हा तिला माळावर नेलं. एका मुलीनं नेहमीचा प्रश्न विचारला. मी म्हणाले, "आमच्या रानात. एकटीच बघत बसायचे." एकटीच! लहानपणी निदान माराची भीती होती. आता कुणाची होती? आक्का समोरच सतरंजीवर बसली होती, डोक्यावरून पदर घेऊन.

दुर्बीण ती नको म्हणाली. दक्षिणेला विंचू पुरता वर आला होता, नांगीसकट. तिनं मान वर करून तो निवांत पाहिला.

"उठीव म्हणलं हुतं तुला," ती म्हणाली. रागावून नाही, हसतच.

मला ऐकू आलं होतं. मी पुढच्या मुलीसाठी दुर्बिणीपाशी स्टूल सरकवलं.