चिमटे लावलेला कोट

माझी मावशी फोटोग्राफर आहे असं सांगितलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "लग्नाचे घेते का?" मग मी सांगते की नाही, ती माणसांच्या पाठींचे फोटो काढते. इथे बहुतेक जण विषय बदलतात. एकाने मात्र काळजीने विचारलं होतं, "का हो, पुढून काढायला परवानगी लागते?"

ऐकणारे हसले, पण मावशीच्या सगळ्या वाटचालीत खरा अडसर परवानगीचाच होता. आणि तोही पाठींपायीच.

आजोबांचा स्टुडिओ सलून आणि किल्ल्या बनवणाऱ्याची टपरी यांच्या मधोमध आहे. बाहेर काउंटर, काउंटरच्या काचेखाली नमुन्याचे चेहरे. त्यातले काही इतकी वर्षं तिथे आहेत की ती माणसं आता स्वतःला ओळखायला येतात. आतल्या खोलीत पांढरा पडदा, फिरतं स्टूल, दोन दिवे आणि आरसा. आरशाला कंगवा दोरीने बांधलेला, कारण न बांधलेल्या कंगव्यांना पाय फुटतात. आरशाशेजारी खुंटीवर कोट.

हा कोट आजोबांनी तरुणपणी स्वतःसाठी शिवून घेतला होता. काळा, आतून गर्द लाल अस्तर. तेव्हा आजोबा अंगाने चांगले भरलेले होते आणि कोट त्यांच्या अंगावर, त्यांच्याच शब्दांत, "ओतल्यासारखा" बसायचा. पुढे गिऱ्हाइकं विचारायला लागली, की नोकरीच्या अर्जाला लावायचाय फोटो, कोट मिळेल का? आजोबांनी आपला कोट खुंटीला लावला, तो कायमचाच. ड्रायव्हर, नर्स, शिपाई, नुकत्याच पास झालेल्या मुली, सगळ्यांच्या ओळखपत्रांवर तो एकच कोट आहे. आमच्या भागातली माणसं एका रांगेत उभी केली, तर ती एकाच मोठ्या घराण्यातली वाटतील.

अडचण एवढीच की आजोबांच्या मापाचं दुसरं कुणी नव्हतं. म्हणून चिमटे. कपडे वाळत घालायचे साधे चिमटे. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं, की मागून कोटाचं जास्तीचं कापड मुठीत गोळा करायचं आणि चिमट्यांनी धरून ठेवायचं. पुढून खांदे एकदम साहेबी. मागून दोरीवर टाकलेलं धुणं.

लहानपणापासून हे काम मावशीचं. त्यावरून सलूनवाल्याने तिचं नाव "चिमटी" पाडलं आणि ते रस्त्याने उचललं. आजोबांचा नियम कडक होता, की गिऱ्हाईक उठायच्या आत चिमटे निघाले पाहिजेत. "त्याला त्याची पाठ दिसता कामा नये," ते म्हणायचे. "आरशात साहेब बघितलाय ना त्याने? तोच घेऊन जाऊ दे घरी."

पुढे आजोबांचा हात थरथरायला लागला, ते काउंटरवर बसले आणि कॅमेरा मावशीकडे आला. चिमटेही तिच्याकडेच राहिले. पुढून आणि मागून अशी दोन्ही कामं एकटीने करताना तिला रोज दिसायला लागलं, की पुढे माणूस श्वास रोखून कुणीतरी होतो, आणि मागे त्याच वेळी त्याची मान, केसांतला भोवरा, दिव्यात गुलाबी झालेले कान तसेच असतात. ते काही होत नाहीत. ती विचारायला लागली, "मागूनही एक काढू? माझ्यासाठी."

"काढा की," लोक म्हणायचे.

असे फोटो तिने कितीतरी जमवले. त्यातले काही मोठ्या शहरातल्या एका कलादालनाला पाठवले. आजोबांना यातलं काही माहीत नव्हतं. कळलं ते एका पाकिटामुळे.

एका उंच इमारतीतला लिफ्टमन बढतीच्या अर्जासाठी फोटो काढून गेला. दुसऱ्या दिवशी तो लालबुंद होऊन आला आणि त्याने पाकीट काउंटरवर आपटलं.

"खिडकीवरच्या बाईंनी चारही फोटो उलटेपालटे करून पाहिले. म्हणाल्या, तुमचं तोंड कुठंय? सगळी रांग हसत होती, काका!"

आजोबांनी पाकीट उघडलं. चार फोटो, नीट कापलेले, मापात. चारही पाठीचे. घाईत मावशीने छापायला दिलेली फाइलच चुकली होती. आजोबांचा चेहरा उतरला. त्यांनी माफी मागितली, स्वतः आत जाऊन योग्य फोटो छापून आणले, पैसे घेतले नाहीत. लिफ्टमन निवळला. जाता जाता त्याने चुकलेल्यातला एक उचलला.

"हा ठेवू का? अख्खी नोकरी लोकांकडे पाठ करून उभा आहे मी. त्यांना काय दिसतं, ते आज कळलं."

मावशीला हे ऐकून नाचावंसं वाटलं. आजोबांना अजिबात नाही. लिफ्टमन गेल्यावर त्यांनी विचारलं, "असे किती आहेत?"

मावशीने खण उघडून दाखवला. आजोबांनी एकेक फोटो पाहिला, कुठलाही टाकला नाही, आणि खण बंद केला.

"विचारून काढलेत, बाबा. प्रत्येकाला."

"कधी विचारलंस?"

"स्टुलावर असतानाच."

"स्टुलावरचा माणूस सगळ्याला हो म्हणतो. हनुवटी वर म्हटलं की वर, श्वास रोखा म्हटलं की रोखतो. त्या होकाराला काय धरायचंय?"

त्यांचं बरोबर आहे हे मावशीला तिथल्या तिथे कळलं, आणि म्हणून तिला जास्त राग आला.

नेमका त्याच आठवड्यात कलादालनवाल्याचा फोन आला. फोटो त्याला फारच आवडले होते. प्रदर्शन करायचं म्हणत होता, एकटीचं, मोठं दालन.

"मॅडम, तुमच्या कामात ओळख आणि मुखवटा यांच्यातला ताण आहे."

"ताण चिमट्यांवर आहे," मावशी म्हणाली.

पलीकडे तो हे लिहून घेत असल्याचं ऐकू आलं. मग त्याने तारखेचं विचारलं. मावशीने घरी विचारून सांगते म्हटलं. शेजारी बसलेल्या माझ्या आईने कपाळाला हात लावला.

"चाळिशीला टेकलीस, आणि घरी विचारून सांगते? असा फोन पुन्हा येणारे का तुला?"

"नाही येणार, ताई. पण लोक माझ्या भरवशावर पाठ करून बसत नव्हते. बाबांच्या बसत होते. बाबांचा आणि त्या लोकांचा होकार नसेल तर मी नाही लावणार."

आधी लोकांचे होकार. मावशी फोटोंची पिशवी घेऊन दारोदार निघाली. मीही सुट्टीत तिच्याबरोबर फिरले. स्टुलावरून उतरलेली माणसं खरंच वेगळी बोलत होती. एका शिंप्याने फोटो पाहिला आणि तो डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाला, "कोटाचे हे हाल? आणा इकडे, दोन टाके घालून आत घेतो!" पाठ आपली आहे हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. नर्सने बराच वेळ फोटो निरखला.

"हा चिमटा गुलाबी आहे. काळा करता येईल?"

"येईल. पण करणार नाही."

"मग राहू दे गुलाबीच. पण खाली लिहा, चिमटा स्टुडिओचा आहे म्हणून."

एका शिक्षिकेने सरळ नाही म्हटलं. "वर्गात मुलांकडे पाठ करायचीसुद्धा भीती वाटते मला, आणि तुम्ही ती भिंतीवर लावताय!" मावशीने फोटो तिच्या हातात दिला आणि तिच्यासमोरच फाइल पुसली. परत येताना मी म्हटलं, "तो सगळ्यात चांगला होता ना गं?" मावशी म्हणाली, "हो."

आजोबा संध्याकाळी काउंटरवरून विचारायचे, "आज कोण?" नकाराची बातमी ऐकली की त्यांना बरं वाटायचं, होकाराची ऐकली की ते कंगव्याची दोरी तपासायचे. सगळी घरं फिरून झाल्यावर मावशी त्यांच्यासमोर उभी राहिली.

"आता तुम्ही राहिलात, बाबा."

"त्यांची पाठ, त्यांनी काय ते ठरवलं. पण कोट माझा आहे." आजोबांनी खुंटीकडे पाहिलं. "ओतल्यासारखा बसायचा तो. जगाला तो असा गोळा केलेला दाखवायचा? नाही."

तिकडून फोन येत राहिले. शेवटचा आला तेव्हा मावशीने पुढच्या सोमवारी नक्की कळवते म्हटलं, आणि आईला सांगितलं की सोमवारी नाही म्हणून मोकळी होणार.

शनिवारी आजोबा त्यांचं ओळखपत्र नवं करून घ्यायला गेले. वर्षानुवर्षं ते एकच फोटो लावत आले होते, त्या कोटातला, तरुणपणीचा. स्वतःचाच स्टुडिओ, लागला की छापायचा. परतले ते तणतणत.

"खिडकीवरचा पोरगा म्हणतो, काका, मुलाचा नको, तुमचा द्या!"

आई हसू दाबायला स्वयंपाकघरात पळाली. साऱ्या गावाचे चेहरे ज्यांनी पास करून दिले, त्यांचाच चेहरा नापास झाला होता.

दुपारी आजोबा आतल्या खोलीत आले. दोरी ताणून त्यांनी कंगवा फिरवला, खुंटीवरचा कोट घातला, बटणं लावली आणि स्टुलावर बसले.

"चिमटे नकोत. माझ्या मापाचा आहे."

मावशीने कॅमेऱ्यातून पाहिलं. कॉलर मानेपासून सुटून उभी होती. खांदे आजोबांच्या खांद्यांच्या पुढे जाऊन खाली ओघळले होते. ती मागे गेली, कापड मुठीत गोळा केलं, आणि चिमटे लावून पुढे आली. आजोबा नाकासमोर बघत होते.

"किती लागले?"

"दोन."

"मी आवाज ऐकलेत, चिमटी. चार लागले."

त्यांनी तिला त्या नावाने पहिल्यांदाच हाक मारली होती. मावशीने हनुवटी वर करायला सांगितली. त्यांनी केली. श्वास रोखायला सांगितला, त्यांनी रोखला. फोटो निघाला. मग सवयीप्रमाणे, ते उठायच्या आत, ती चिमटे काढायला मागे गेली.

"थांब," आजोबा म्हणाले. "तुझा एक राहिला ना? मागचा."

मावशीचा हात चिमट्यावर तसाच राहिला. मी दारात उभी होते. आता काढ, पटकन काढ, असं मला ओरडावंसं वाटत होतं.

"नाही, बाबा," ती म्हणाली. "स्टुलावरचा माणूस सगळ्याला हो म्हणतो. त्या होकाराला काय धरायचंय?"

आजोबा गुडघ्यांवर हात टेकून हळूहळू उठले. पाठीवर चारही चिमटे तसेच. स्टुलापासून दोन पावलं बाजूला गेले, आरशाकडे पाहिलं, मग वळून लेकीकडे.

"हो," ते म्हणाले. "हा काढ. बाकीचेही लाव."

"बसा मग."

"बसत नाही आता. बसलो तर पुन्हा विचारशील."

आणि ते पडद्याकडे तोंड करून उभे राहिले. मावशीने डोळे पुसले आणि कॅमेऱ्याचं स्टँड उंच केलं.

त्या दालनातल्या सगळ्या फोटोंमध्ये माणसं बसलेली होती. एकच माणूस उभा होता.