निखारे खोडा म्हणणारे हरिभाऊ

हरिभाऊंना हार मानणं ठाऊकच नव्हतं. बेळगावच्या कॅम्पातला मिशनचा साहेब बायबलचं मराठी नव्यानं लिहीत होता आणि ते तपासायला हरिभाऊ रोज बंगल्यावर जात. त्यांनी मान हलवल्याशिवाय ओळ पक्की होत नसे, आणि ती मान हलायला भारी जड होती.

दुसऱ्या महायुद्धातल्या एका वर्षी दोघांचं अडलं ते निखाऱ्यांवर. वैऱ्याचं भलं केलंस तर त्याच्या डोक्यावर निखारे रचल्यासारखं होईल, असा मजकूर होता. साहेब म्हणे, इथं जाळायचं नाही, माणूस लाजेनं भाजतो असा अर्थ. हरिभाऊ हसले. आमच्या गल्लीत लाजून कुणी भाजत नाही, लोक हे वाचून सरळ शेजाऱ्याचं छप्पर पेटवतील, असं त्यांनी सुनावलं.

"निखारे खोडा. नाहीतर उद्यापासून मी येत नाही," असं बजावून ते घरी आले.

बायको खानापूरला माहेरी गेली होती. चूल मी सांभाळतो, अशी फुशारकी मारून हरिभाऊंनीच तिला पाठवलं होतं. सकाळी पाहतात तो चुलीत नुसती राख. काडेपेटी बाजारातून केव्हाच गायब झालेली, आणि चहावाचून यांचं पान हलत नसे. विस्तव मागायचा तर भिंतीपलीकडे नागुवहिनी. एका बारशाच्या पंगतीत हरिभाऊंनी त्यांच्या आमटीला गढूळ पाणी म्हटलं होतं, तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं. त्यांना टाळून पुढच्या दारी जावं तर गल्लीभर बोभाटा.

उपरण्याखाली खापर लपवून ते वहिनींच्या दारात उभे राहिले. वहिनींनी आपल्या चुलीतले रसरशीत निखारे उचलून खापर काठोकाठ भरलं. मग आतून एक वाटी आणली.

"बायको न्हाय घरात, जेवशिला काय? घ्या भावजी. पातळ हाय, तेवढं चालवून घ्या."

चहा झाला तरी हरिभाऊंचे कान निवेनात. लाज वाटली, आणि लाज वाटते याचा रागही आला. वाटी रिकामी कशी द्यायची, म्हणून त्यांनी तीत गूळ घातला आणि कितीतरी दिवसांनी दारातून वहिनी म्हणून हाक मारली.

मग ते बंगल्यावर गेले. हरिभाऊ सोडून जातील या धास्तीनं साहेब निखारे खोडायला लेखणी उचलून बसला होता.

"राहू द्या. भाजतं," हरिभाऊ म्हणाले. त्यांनी पुढं जोडलं, "पण आमटी खरोखरच पातळ होती."

साहेब बिचारा बराच वेळ पानं चाळत, आमटी कुठल्या अध्यायात येते ते शोधत राहिला.