खुंटीवरची पिशवी

सात वर्षं मी हे टाळलं. कुणी पालखीचा विषय काढला की पाणी प्यायच्या निमित्ताने उठून आत जायचो. आज लिहितोय, कारण हे ज्यांना सगळ्यात आधी कळायला हवं होतं, त्या माझ्या वहिनी गेल्या पौषात गेल्या.

मी भूमापन खात्यात नोकरी केली. जे मोजता येत नाही त्यावर विश्वास ठेवायची सवय मला कधी लागली नाही. निवृत्तीनंतर मी रत्नागिरीत राहतो. आमचं मूळ घर संगमेश्वरपासून आत, नदीच्या वरच्या अंगाला. तिथे थोरला भाऊ, म्हणजे दादा, आणि वहिनी राहत.

दादाला मूत्राशयाचा कॅन्सर निघाला. दुर्बिणीने गाठ काढली आणि ती परत येऊ नये म्हणून कोल्हापूरला दर आठवड्याला एक असे सहा डोस ठरले. औषध म्हणजे बीसीजी... लहान मुलांच्या दंडावर टोचतात तीच क्षयाची लस, जिवंत जंतूंची. ती नळीने मूत्राशयात सोडायची आणि दोन तास लघवी धरून ठेवायची.

"बाबू, सत्तरी ओलांडल्यावर मला परत बालवाडीत घातलं रे!" दादा हसायचा.

तिथल्या नर्सने एक पिवळं कार्ड दिलं. "ताप आला आणि उतरला नाही, तर जवळच्या डॉक्टरला आधी हे दाखवा. लसीचे जंतू रक्तात गेले तर साध्या औषधाने भागत नाही." कार्ड मी माझ्या कापडी पिशवीत ठेवलं.

पाचवा डोस झाला आणि शिमगा आला. ग्रामदेवीच्या पालखीचा पहिला खांदा आमच्या घरचा. पण घरातला थोरला पुरुष अंगणात हजर लागतो, नाहीतर मान चुलत घराकडे जातो. त्यावरून भावकीत बरीच वर्षं भांडण चाललं होतं, आणि गावकीसमोर जुने कागद काढून निकाल आमच्या बाजूने लावून घेतला होता तो मीच.

पालखीच्या दोन दिवस आधी दादाला थंडी वाजून ताप भरला. गावच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. कॅन्सरचं आम्ही गावात कुणालाच कळू दिलं नव्हतं, त्यांनाही नाही. दुसऱ्या दिवशीही ताप तसाच. वहिनी पदराला हात पुसत पडवीत आल्या.

"भावजी, ते पिवळं कार्ड द्या. मी डॉक्टरांकडे जाऊन येते."

कार्ड दाखवलं की दादाला तालुक्याला हलवणार, अंगणात थोरला कोण? माझ्या डोक्यात एवढंच आलं.

"रत्नागिरीला राहिलं, वहिनी. हवेतल्या फरकाचा ताप आहे, उतरेल."

पिशवी माझ्या पाठीमागे खुंटीला टांगलेली होती.

पालखीच्या दिवशी दुपारी पालखी आमच्या अंगणात आली. दादा घोंगडी पांघरून खुर्चीत बसला होता. त्याने दांडीला हात लावला, मान राहिला. चुलतभाऊ बाजूला उभा राहून बघत होता. मग आम्ही पालखी नाचवायला घेतली. मी मागच्या बाजूला होतो.

आमच्याकडे पालखी खूण काढते. माळावर कुणीतरी गुपचूप नारळ पुरतो आणि पालखी नाचत नाचत नेमकी तिथे जाऊन टेकते. लोक हात जोडतात. मी मनात म्हणायचो, पुरणाऱ्याने कुणाला तरी डोळ्यांनी खुणावलं असणार!

त्या दुपारी पालखी तुळशीला वळसा घालून बाहेर पडायची ती पडवीकडे वळली. पुढचे दोघे आदल्या दिवशी मुंबईहून आलेले. त्यांना काय ठाऊक! मी पाय रोवून मागे ओढत होतो. तरी पालखी पडवीत शिरली, आणि दांडी जाऊन टेकली ती खुंटीखाली. पिशवी हलली...

"काका, ढकलताय काय?" पुढून एकजण ओरडला.

आम्ही पालखी अंगणात आणली. ती परत तिथेच गेली.

"आईला ओटी हवी असेल," वहिनी म्हणाल्या. धावत जाऊन खण-नारळ घेऊन आल्या. त्या भिंतीशी ओटी भरली आणि कपाळ टेकून म्हणाल्या, "ह्यांना बरं कर गं बाय."

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. हात वर केला असता तर पिशवी हाताला लागली असती. पण सगळं गाव बघत होतं, चुलतभाऊ बघत होता... मी हात वर केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाला धाप लागली. रत्नागिरीच्या हॉस्पिटलात तरुण डॉक्टरांनी विचारलं, "आधी काही ट्रीटमेंट?" तेव्हा मी कार्ड काढलं. वहिनी अँब्युलन्सच्या कागदांवर सही करायला गेल्या होत्या. डॉक्टरांनी कार्ड वाचलं, माझ्याकडे पाहिलं. "हे आज दाखवताय?"

क्षयाची औषधं लगेच सुरू झाली. जंतू फुप्फुसात आणि यकृतात पोचले होते. नवव्या दिवशी दादा गेला. आधी आणलं असतं तर वाचला असता का, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

नंतर मी ते अंगण टेपने मोजलं. उतार पडवीच्या उलट दिशेला आहे. मागच्या माणसाने कितीही जोर लावला तरी पुढचे दोघे वळल्याशिवाय पालखी वळत नाही. आणि कार्ड कुठे आहे हे ठाऊक असलेला त्या अंगणात मी एकटाच होतो. माझ्याच अंगाने मला दगा दिला म्हणावं, तर खांद्यावरचा काळानिळा वळ मागे ओढल्याचा होता. मला उलगडा झालेला नाही.

वहिनींना मात्र झाला होता. "आई ह्यांचा निरोप घ्यायला टेकली," असं त्या सगळ्यांना सांगायच्या. दर शिमग्याला खुंटीखाली ओटी भरायच्या. यंदा त्यांच्या सुनेने खण हातात धरून मला विचारलं, "काका, इथेच का भरायची?"

दर वर्षी मी वहिनींच्या शेजारी एक वाक्य पाठ करून उभा राहायचो. मी तोंड उघडायचो आणि त्या म्हणायच्या, "भावजी, नारळ फोडा." मी फोडायचो. वाक्य एवढंच होतं...

वहिनी, आई निरोप घ्यायला आली नव्हती. ती कार्ड मागत होती. कार्ड या खुंटीवरच्या पिशवीत होतं, आणि तुम्ही मागितलंत तेव्हाही इथेच होतं. मला क्षमा करा.